अंगरक्षकाची साक्ष

म्हैसूर शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर कावेरीचे पात्र दुभंगते आणि तिच्या दोन प्रवाहांनी श्रीरंगपट्टणचे बेट वेढले जाते. हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या राज्याची ही राजधानी. बेटाच्या पश्चिम टोकास असलेला किल्ला आज बराचसा भग्नावस्थेत आहे. त्याच्या उत्तरेकडील तटाजवळ एका जागी कोरीव लेख असलेला दगड उभा केलेला आहे. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतानाचा मृतदेह येथे सापडला, एवढेच तो लेख सांगतो. परंतु तो देह सापडला कसा आणि मृत्यूपूर्वीच्या घटकाभरात त्या जागी काय घडले, हे जगाला कळले ते मुख्यतः एका जखमी हुजऱ्यामुळे. त्याचे नाव राजाखान.

युद्धकाळातील राज्यकर्ता आणि त्याच्या सावलीप्रमाणे वावरणारा अंगरक्षक ही जोडी नाटककारांना व चित्रपटकारांना वारंवार आकर्षित करीत आली आहे. या आकर्षणाला कलेचे कारण आहे, तसेच पैशाचेही आहे. युद्ध दाखवावयाचे म्हणजे सैन्य हवे, हत्ती-घोडे हवेत, तोफा हव्यात, तंबू आणि तट हवेत. ज्याच्या हाती एवढे द्रव्य नसते तो कलावंत राजाच्या सर्वांत जवळ उभा असलेला मनुष्य शोधतो आणि त्याच्या डोळ्यांनी युद्ध पाहू लागतो. एक दरवाजा, एक पालखी आणि दोन माणसे एवढ्यावर प्रसंग उभा राहू शकतो. मात्र या मार्गाने जाणाऱ्याला एक वेगळेच ऋण पत्करावे लागते. तो सैन्याचा खर्च वाचवतो, पण साक्षीदाराला बांधला जातो. हे ऋण कोणत्या स्वरूपाचे आहे, ते राजाखानाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

चार मेची दुपार

चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात सेनापती हॅरिस याच्या हाताखालील इंग्रज फौजेने आणि निजामाच्या सैन्याने श्रीरंगपट्टणला वेढा घातला. उन्हाळ्यामुळे कावेरीचे पाणी ओसरले होते. सततच्या तोफमाऱ्याने किल्ल्याच्या पश्चिम बाजूच्या तटाला खिंडार पडले. ४ मे रोजी दुपारी एकच्या सुमारास, उन्हाच्या कडाक्यात किल्ल्यातील पहारे सैलावले असता, मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड याच्या नेतृत्वाखाली हल्ला झाला. हा बेअर्ड पूर्वी हैदर व टिपू यांच्या कैदेत श्रीरंगपट्टणलाच सुमारे साडेतीन वर्षे राहिलेला होता. नदीचे खडकाळ पात्र ओलांडून हल्लेखोर काही मिनिटांतच खिंडारावर पोहोचले व तेथून दोन तुकड्यांत विभागून उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील तटावरून पुढे सरकू लागले.

टिपू त्या वेळी उत्तरेकडील तटावरच होता. दुपारचे भोजन चालू असताना त्याला हल्ल्याची बातमी समजली. त्याचा विश्वासू सरदार सय्यद गफार त्याच दिवशी तोफेचा गोळा लागून पडला होता. सुलतान पायी लढू लागला. सेवक बंदुका ठासून त्याच्या हाती देत होते आणि तो त्या झाडीत होता. पळू लागलेल्या शिपायांना थोपवणे अशक्य झाल्यावर त्याने घोडा मागवला आणि तो तटाच्या आतील पाणदरवाजाकडे वळला. तेथे पळणाऱ्यांची व पाठलाग करणाऱ्यांची एकच गर्दी उसळलेली होती. दरवाजापाशी त्याच्या उजव्या कुशीत गोळी लागली. कमानीखाली शिरल्यावर आतील बाजूने झालेल्या माऱ्यात दुसरी गोळी लागली. घोडाही जखमी होऊन खाली बसला. डोक्यावरचा फेटा या धुमश्चक्रीत कोठेतरी पडला.

येथून पुढची हकीकत ही प्रामुख्याने त्याच्याजवळच्या सेवकाची आहे. जखमी सुलतानाला कमानीच्या एका बाजूस पालखीत ठेवण्यात आले. राजाखान स्वतःही जखमी झाला होता. आपण कोण आहोत हे इंग्रज अधिकाऱ्यांना सांगावे, म्हणजे प्राण वाचतील, असे त्याने धन्याला सुचवले. सुलतानाने ते साफ नाकारले. थोड्या वेळाने काही गोरे शिपाई कमानीत शिरले. त्यांच्यातील एकाने सुलतानाच्या कमरेचा सोन्याच्या कामाचा पट्टा ओढण्याचा प्रयत्न केला. हातात अजून तलवार होती. उरल्यासुरल्या बळाने सुलतानाने तिचा वार केला व तो शिपायाच्या गुडघ्यापाशी लागला. त्याबरोबर शिपायाने बंदूक रोखून त्याच्या कानशिलात गोळी घातली.

त्या शिपायाला आपण कोणाला मारले याची कल्पना नव्हती. रात्री मशालींच्या उजेडात इंग्रज अधिकारी दरवाजापाशी आले. प्रेतांचा खच पडला होता. पालखीजवळ जखमी अवस्थेत सापडलेल्या राजाखानाने जागा दाखवली आणि ढिगाऱ्याखालून काढलेला देह किल्लेदाराने ओळखला. मेजर अॅलन याने या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. डोळे उघडे होते आणि शरीर इतके उष्ण होते की, आर्थर वेल्स्लीला व त्याला स्वतःला क्षणभर सुलतान जिवंत असावा अशी शंका आली. अंगावर पांढऱ्या तलम कापडाचा अंगरखा, फुलाफुलांच्या चिटाचा पायजमा, कमरेला किरमिजी शेला आणि दंडावर ताईत होता. शरीरावर तीन जखमा व कानशिलावर चौथी होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी वडिलांच्या शेजारी, गुंबजात त्याचे दफन झाले. त्या संध्याकाळी विजांसह भयंकर वादळ झाल्याचे अनेकांनी नमूद केले आहे.

साक्षीची मर्यादा

ही हकीकत वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, राजाखानाने स्वतः काहीही लिहिलेले नाही. तो बोलला आणि विजेत्यांनी ते आपल्या भाषेत टिपून घेतले. अलेक्झांडर बीटसन या इंग्रज अधिकाऱ्याने युद्धानंतर लगेच, १८०० मध्ये, या युद्धाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातून ही साक्ष पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. जखमी, पकडला गेलेला, धनी गमावलेला मनुष्य विजेत्यांसमोर बोलत आहे. दुभाषी मध्ये आहे आणि लेखणी परक्याच्या हाती आहे. अशा साक्षीतील शब्द जसेच्या तसे मानता येत नाहीत. तथापि तिचा गाभा सहजासहजी टाकूनही देता येत नाही, कारण तीत दोन्ही बाजूंना अडचणीचे वाटावे असे काही आहे. सुलतानाचा शेवट एखाद्या सेनापतीशी झालेल्या द्वंद्वात झाला असता, तर ती गोष्ट विजेत्यांना अधिक शोभली असती. प्रत्यक्षात तो एका पट्ट्याच्या लोभापायी झाला, असे ही साक्ष सांगते.

दुसरी गोष्ट अशी की, साक्षीदाराला जे दिसले नाही ते तो सांगू शकत नाही. त्या शिपायाचे नाव राजाखानाला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. तो शिपाईही पुढे कधी निश्चितपणे ओळखला गेला नाही. म्हणजे या प्रसंगाच्या मध्यभागी एक रिकामी जागा आहे. इतिहासकार ती रिकामी ठेवतो. नाटककाराला मात्र ती सतत खुणावत राहते.

थोडक्या पैशांतले युद्ध

हा प्रश्न एकट्या श्रीरंगपट्टणचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात अध्यक्ष असलेल्या अब्राहम लिंकनचा वॉर्ड हिल लॅमन हा वकिलीतील जुना सहकारी होता. १८६१ च्या फेब्रुवारीत घातपाताची कुणकुण लागल्यामुळे लिंकनला रात्रीच्या गाडीने गुप्तपणे बाल्टिमोरमधून वॉशिंग्टनला नेण्यात आले, तेव्हा हा धिप्पाड लॅमन शस्त्रे बाळगून त्याच्यासोबत होता. पुढे चार वर्षे त्याने अध्यक्षाच्या रक्षणाची चिंता वाहिली. आणि १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्री तो अध्यक्षाच्याच कामगिरीवर रिचमंड येथे गेलेला होता. नाट्यगृहात नेमलेला पहारेकरी आपली जागा सोडून गेला होता.

या लॅमनच्या दृष्टीतून लिंकनची कथा सांगणारा एक चित्रपट साल्व्हादोर लिट्व्हाक या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये पडद्यावर आणला. पैसा थोडा होता. तेव्हा नट हिरव्या पडद्यासमोर उभे राहून अभिनय करीत आणि त्यांच्यामागे यादवी युद्धाच्या काळात काढलेली खरी छायाचित्रे जोडली जात. छावण्या, रस्ते, दालने ही सारी त्या जुन्या छायाचित्रांतली. या युक्तीमुळे चित्रपटाला काहीसे कृत्रिम रूप आले असले, तरी तीत एक प्रामाणिकपणाही आहे. ज्याची साक्ष उपलब्ध आहे तेवढेच मागे दिसते आणि नटाचा अभिनय ही आजची भर आहे हे प्रेक्षकाच्या सहज लक्षात येते. लॅमनच्या साक्षीलाही राजाखानासारखाच एक पेच आहे. १८७२ मध्ये त्याच्या नावावर प्रसिद्ध झालेले लिंकनचरित्र वस्तुतः चॉन्सी ब्लॅक या दुसऱ्याच गृहस्थाने लिहिले होते. रक्षकाच्या तोंडचे बोल आपल्यापर्यंत अनेकदा दुसऱ्याच्या लेखणीतून येतात, ते असे.

मराठी प्रेक्षकाला ही रीत नवी नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला एका म्हणीमुळे घरोघरी पोहोचला आहे. बाजीप्रभूंच्या प्रसंगात तर रंगभूमीला आयतेच साधन मिळाले. राजे विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणजे तोफांचे आवाज, असे परंपरा सांगते. राजे रंगमंचावर नाहीत, गड दिसत नाही, फौजही नाही. खिंडीत रक्तबंबाळ उभा असलेला एक मनुष्य कान देऊन ऐकतो आहे आणि पडद्याआडून तोफा वाजतात. गावोगावच्या हौशी मंडळींना एवढ्यावर तो प्रसंग उभा करता येतो, आणि तो पाहून डोळ्यांना पाणी आलेले प्रेक्षक आपल्याकडे पुष्कळ आढळतील.

भव्यतेची किंमत

याच्या उलट दुसरा मार्ग आहे, तो भव्यतेचा. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर वर्षभरातच, १८०० मध्ये, लंडनच्या लायसियम येथे रॉबर्ट केर पोर्टर याने या हल्ल्याचे शंभर फुटांहून अधिक लांबीचे चित्र मांडले. ते पाहावयास लोकांची रीघ लागली. त्यात खिंडार होते, सेनानी होते, धूर आणि झेंडे होते. पाहणाऱ्याला आपण विजेत्यांच्या बाजूने उभे आहोत असेच वाटावे, अशी त्याची रचना होती. कमानीखालच्या अंधारातील पालखीला अशा विशाल पटावर फारसे स्थान मिळत नाही.

भारतात या विषयाचा सर्वांत मोठा पट मांडला गेला तो दूरदर्शनवर. भगवान गिडवानी यांच्या १९७६ मधील कादंबरीवर आधारलेली ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मालिका १९९० पासून प्रसारित झाली. तिच्यावर आक्षेप घेतले गेले, वाद न्यायालयापर्यंत पोहोचला आणि अखेर ही कथा काल्पनिक असून कादंबरीचे नाट्यरूप आहे, असे निवेदन मालिकेसोबत दाखवले जाऊ लागले. या मालिकेचे चित्रीकरण म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत चालू असताना ८ फेब्रुवारी १९८९ रोजी रात्री सेटला आग लागली. तीत बासष्ट माणसे मृत्युमुखी पडली. मालिकेचे निर्माते व नायक संजय खान गंभीररीत्या भाजले व त्यांना एक वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात काढावा लागला. मृतांची नावे मालिका पाहणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असतील. कापड, लाकूड, दारूकाम आणि प्रखर दिवे एका बंद जागेत एकत्र आले की, खोटी लढाईसुद्धा खरे बळी घेऊ शकते. ऐतिहासिक नाट्याच्या खर्चाचा विचार करताना केवळ रुपयांचा हिशेब पुरेसा नाही, हे म्हैसूरने अशा दारुण रीतीने पाहिले आहे.

या पार्श्वभूमीवर गिरीश कर्नाड यांचे टिपूवरील नाटक लक्षणीय ठरते. माथेरानला जन्मलेल्या आणि मराठी रंगभूमीशी जवळचे नाते असलेल्या या कन्नड नाटककाराने ते मुळात बीबीसी नभोवाणीसाठी, भारतीय स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिहिले. नभोनाट्यात नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, सैन्यही नाही. असतो तो फक्त आवाज. टिपूने आपल्या हाताने फारसीत सदतीस स्वप्ने लिहून ठेवली होती. ती वही त्याच्या मृत्यूनंतर शयनगृहात सापडली. कर्नाडांनी तिचा आधार घेतला. तसेच टिपूचा इतिहास लिहिणारा किरमाणी आणि इंग्रज अधिकारी कॉलिन मॅकेन्झी यांचा संवाद त्यांनी नाटकाच्या चौकटीसाठी योजला. एक जण धन्याच्या आठवणीने व्याकूळ, तर दुसरा वस्तुस्थिती टिपून घेण्यास उत्सुक. सुलतानाची कथा आपल्याला कोणाच्या तोंडून व कोणाच्या लेखणीतून कळते आहे, हा प्रश्न अशा रीतीने नाटकाच्या पोटातच येतो. येथे साक्षीदार लपवलेला नाही. तो प्रेक्षकांसमोर बसलेला आहे.

निनावी शिपाई

तथापि रिकामी जागा खुणावत राहते, असे वर म्हटले आहे. त्याचे प्रत्यंतर म्हैसूरमध्येच आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हैसूरच्या रंगायण या सरकारी नाट्यसंस्थेत तिचे तत्कालीन संचालक अड्डंड करिअप्पा यांनी लिहिलेले व दिग्दर्शित केलेले नाटक रंगमंचावर आले. ‘टिपूची खरी स्वप्ने’ असा त्याच्या कन्नड नावाचा अर्थ होतो. टिपूला इंग्रज शिपायाने मारले नसून उरीगौडा आणि नंजेगौडा या दोन स्थानिक वीरांनी मारले, असे त्यात दाखवण्यात आले. या प्रतिपादनाला समकालीन पुराव्याचा आधार नाही, असे इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी स्पष्ट केले. पण तोवर ही नावे रंगमंचावरून सभांमध्ये पोहोचली होती. मार्च २०२३ मध्ये, निवडणुकांच्या तोंडावर, या दोघांवर चित्रपट काढण्याची घोषणा झाली. आदिचुंचनगिरी मठाच्या स्वामींनी समजावल्यानंतर ती योजना मागे घेण्यात आली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. टिपूविषयी कटुता असणाऱ्यांच्या भावना निराधार नाहीत. कोडगू आणि मलबार येथे त्याने केलेल्या स्वाऱ्या, तेथून कैद करून नेलेली माणसे व सक्तीची धर्मांतरे यांच्या स्मृती त्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. त्याच टिपूने शृंगेरी मठाच्या स्वामींना आदराने लिहिलेली कन्नड पत्रेही उपलब्ध आहेत. १७९१ मध्ये तो मठ लुटला गेला तो परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर आलेल्या मराठी सैन्यातील लोकांकडून, हे मराठी वाचकाला बोचणारे असले तरी विसरता येत नाही. टिपूच्या कारकिर्दीवर कठोर टीका करणारे नाटक लिहिण्याचा अधिकार कोणालाही आहे. त्यासाठी पाणदरवाजाखाली जे घडले ते बदलण्याची मात्र काहीच आवश्यकता नाही. टीका आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग नाटककाराचे स्वातंत्र्य कोठवर? राजाखानाचे उदाहरण याचे बऱ्यापैकी उत्तर देते. कमानीखाली पालखीत धनी आणि सेवक यांच्यात आणखी काय बोलणे झाले, हे आपल्याला ठाऊक नाही. ते बोलणे नाटककाराने खुशाल रचावे. राजाखानाला भीती वाटली का, आपली सूचना नाकारली गेली तेव्हा त्याला अभिमान वाटला की राग आला, मशालींच्या उजेडात शत्रूला ती जागा दाखवताना त्याच्या मनात काय होते, हे सारे कल्पनेचेच क्षेत्र आहे आणि तेथे जाण्यासाठी खर्चही फारसा लागत नाही. पण जेथे साक्षीदार स्पष्ट बोलला आहे तेथे त्याला गप्प करून त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करणे ही कल्पनाशक्ती नव्हे. आणि जेथे साक्षीदार गप्प आहे तेथे रचलेल्या नावाला इतिहासाचा शिक्का मारणे हेही योग्य नव्हे. त्या निनावी शिपायाला रंगमंचावर चेहरा द्यावाच लागेल, कारण कोणा तरी नटाला ती भूमिका करावी लागणार. नाव मात्र त्याला आजवर मिळालेले नाही.

श्रीरंगपट्टणच्या त्या दगडावर मारणाऱ्याचे नाव नाही, तसेच देह शोधून देणाऱ्याचेही नाही. ज्याने आपल्या जखमी हातांनी जागा दाखवली, त्याच्या बोलण्यावर गेली दोनशेहून अधिक वर्षे चित्रे, ग्रंथ, नाटके आणि मालिका उभ्या राहत आल्या आहेत. यापुढेही एखादी लहानशी नाट्यमंडळी एक कमान, एक पालखी व दोन नट घेऊन हा प्रसंग उभा करील. तिच्यापाशी पैसा नसेल, तरी चालेल. राजाखानाने जेवढे सांगितले तेवढे तिने नीट ऐकून घेतले म्हणजे पुरे.